रुळतील आपोआप

घार, मुंगूस, बोका आणि मानमोडी. कोंबडीचं मरण या चार वाटांनी येतं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. पाचवी वाट मला पंचेचाळिशी गाठल्यावर कळली. तीही आमच्याच परड्यात.

२०११ सालची गोष्ट. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना जाळीचे पिंजरे बांधून पिल्लं विकणारा एक माणूस आमच्या गल्लीत आला. त्याच्याकडं गिरिराज जातीची दोन-दोन महिन्यांची पिल्लं होती. "मास्तर, देशीगत उकिरड्यावर चरत्यात आणि वजनाला देशीच्या दुप्पट भरत्यात," असं त्यानं सांगितलं आणि मी सहा घेतली. आई तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीकडं गेली होती. ती घरात असती तर हा सौदा झालाच नसता किंवा निदान पुढचा प्रकार तरी झाला नसता.

आमच्याकडं आधीच आठ कोंबड्या आणि एक कोंबडा होता. सगळ्या गावरान. खुराडं वडिलांनी दगडमातीत बांधलेलं, वर पत्रा. त्या आठांमध्ये एक काळी कोंबडी होती, तिचा तुरा एका डोळ्यावर कललेला. ती चालायची अशी, की पोरांनी तिचं नाव पाटलीण ठेवलं होतं. कण्या टाकल्या की आधी ती यायची. तिनं दोन-चार दाणे टिपले की बाकीच्या पुढं सरायच्या. कोणी तिच्या आधी तोंड घातलंच, तर डोक्यावर एक टोचा बसायचा. तेवढ्यावर भागायचं. रक्त वगैरे कधी निघालेलं मी बघितलं नव्हतं.

मी सहाही पिल्लं पिंजऱ्यातून काढली आणि सरळ परड्यात सोडून दिली. बायको म्हणाली, "आत्तींना येऊ द्या की, तोवर पाटीखाली ठेवूया."

"अगं, कोंबड्याच त्या. दोन दिवस भांडतील, मग रुळतील आपोआप," असं म्हणून मी शाळेला निघून गेलो.

संध्याकाळी परत आलो तर बायको परड्याच्या दारातच उभी. खुराडं आणि घराची भिंत यांच्यामध्ये हातभर रुंदीची एक बोळ होती, पुढं बंद. त्या बोळीत एक पिल्लू मरून पडलं होतं. डोक्यावरची कातडी मानेपर्यंत सोललेली. बाकीची पाच लाकडांच्या ढिगात शिरून एकमेकांना चिकटून बसली होती. मरणाऱ्याला घारीनं झडप घातलेली नव्हती की मुंगसानं मान फोडलेली नव्हती. त्याला आठ जणींनी मिळून मारलं होतं, दिवसाढवळ्या, सावकाश. परड्यात पाणी होतं, कण्या होत्या, कशाची टंचाई नव्हती. मी बाहेर आलो तेव्हा पाटलीण निवांत धुळीत अंग घासत होती.

मला तिचा राग आला. खरं सांगतो, काठी उचलून मी तिच्या मागं धावलोसुद्धा. ती ओरडत कुंपणावर चढली आणि मी खाली उभा राहून कोंबडीला शिव्या देत बसलो.

दोन दिवसांनी आई आली. तिनं आधी चहा घेतला, मग परड्यात फेरी मारली, मग विचारलं, "सोडलीस कशी?"

"पिंजऱ्यातनं काढली आणि सोडली."

"आणि त्यांनी पळायचं कुठं?"

मला काही उत्तर आलं नाही. ती त्या बोळीपाशी गेली, वाकून आत बघितलं आणि म्हणाली, "ह्या कोपऱ्यानं मारलंय त्येला. टोचा सगळ्याच खात्यात. टोचा खाऊन कोन मरत न्हाई. पळाया वाट न्हाई गावली, म्हंजे मरतंय."

"आणि पाटलीण?"

"तिचं काय चुकलं? तिच्या घरात सा जनं न इचारता आली. तू बी असतास तर दंडा घिऊन उठला असतास."

त्या दिवसापासून पुढचा दीड महिना आईनं ती पाच पिल्लं कशी मिसळवली, ते मी रोज बघत होतो. त्यात मंत्रतंत्र काही नव्हतं, नुसती व्यवस्था होती. ज्यांना कोंबड्या पाळायच्या आहेत त्यांच्याही उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले तीन आठवडे तिनं पिल्लांना परड्यात आणलंच नाही. पुढच्या दारी, शेवग्याखाली, वेगळी ठेवली. त्यांचं पाण्याचं परळ वेगळं. त्यांना हात लावला की हात धुवूनच मागच्या कोंबड्यांकडं जायचं. बाजारातून आलेलं पाखरू काय घेऊन येईल याचा नेम नसतो. मानमोडीनं एका आठवड्यात सगळं खुराडं रिकामं झालेलं तिनं दोनदा बघितलं होतं. आम्ही जिला मानमोडी म्हणतो तिला जनावरांचे डॉक्टर रानीखेत म्हणतात, उत्तराखंडातल्या रानीखेत गावावरून. त्या आजाराला लस आहे, पण लागण झाल्यावर औषध नाही.

चौथ्या आठवड्यात तिनं परड्याच्या एका अंगाला तुरकाट्यांचा कूड घातला आणि वर जुनं जाळं टाकलं. पिल्लं आत, जुन्या कोंबड्या बाहेर. दिसायचं सगळं, पण चोच पोचायची नाही. पहिल्या दिवशी पाटलीण कुडाला छाती लावून फुगून उभी राहिली. दुसऱ्या दिवशीही आली. चौथ्या-पाचव्या दिवशी ती कुडाशेजारीच माती उकरत होती आणि आतलं एक पिल्लू पलीकडून तेच करत होतं.

"नव्याचं नवंपन जाऊ दे," आई म्हणायची. "रोज दिसलं की डोळ्याला सवय हुती. डोळ्याला सवय झाली की निम्मी भांडनं मिटत्यात."

याच दिवसांत तिनं परड्याची जागाच बदलून टाकली. ती बोळ दगड लावून बंद केली. मोडकं बाजलं आडवं करून असं ठेवलं की त्याच्याखाली एका बाजूनं शिरावं आणि दुसऱ्या बाजूनं निघावं. तुरकाट्यांचे दोन भारे उभे केले, त्यांच्या आडोशाला गेलं की कोणाच्या नजरेला पडायला नको. आणि एकाच्या जागी पाण्याची दोन परळं केली, कण्याही दोन जागी टाकायला लागली. दोन्ही जागा एकमेकींपासून इतक्या लांब, की एका कोंबडीला एकाच वेळी दोन्हीकडं राखण करता येऊ नये. मी विचारलं, "एवढ्याशा पाच पिल्लांना दुसरं परळ कशाला?" तर म्हणाली, "परळ एक आसलं की त्येची मालकीन हुती. दोन आसली की नुसतं पानी राहतंय."

अंगानं पिल्लं मोठ्यांच्या जवळपास आली, तीन महिन्यांची झाली, तेव्हा एका रात्री अंधारात तिनं पाचही उचलली आणि खुराड्यात जुन्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती भांडायला उठत नाही. पहाटे तांबडं फुटायच्या आत आईनं उठून खुराड्याचं दार उघडलं, कारण उजेड झाल्यावर कोंडलेल्या जागेत एकमेकींची तोंडं दिसली तर पुन्हा तेच. "एकटं कधी सोडायचं न्हाई," हे तिनं मला तीनदा सांगितलं असेल. "एकावर आठ जनी धावत्यात. पाच आसली तर मार पाचांत वाटून जातो."

तिनं हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला वाचताच येत नव्हतं. पुढं माझ्या वाचनात आलं, की नॉर्वे देशात शेल्डेरूप-एब्बे नावाचा एक माणूस लहानपणापासून कोंबड्या बघत बसायचा आणि त्यानं १९२२ साली त्यावर जर्मन भाषेत लेख लिहिला. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचं याची एक उतरंड ठरलेली असते, असं त्यानं दाखवून दिलं. कोंबड्या एकमेकींना ओळखतात आणि उतरंड ठरल्यावर मारामारी कमी होते, कारण प्रत्येकीला आपली जागा माहीत असते. नवीन पाखरू आलं की ती विस्कटते आणि पुन्हा बसेपर्यंत धुमश्चक्री चालते. आईला हे सगळं 'मान' या एका शब्दात सांगता येत होतं. "तिचा मान तिला, हिचा मान हिला. नवी आली की तिला मान न्हाई. मान न्हाई त्येला समदे मारत्यात."

आता दुसरी गोष्ट सांगतो. ती याच दीड महिन्यातली आहे.

आमच्या भागात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड सुरू होते. बीडकडून टोळ्या येतात. गावाबाहेर माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको पहाटेच्या थंडीत तोडीला जातात आणि पोरं मागं कोपीवर राहतात. पूर्वी त्यांच्या शाळेचं कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. २००९ सालचा शिक्षण हक्काचा कायदा आल्यावर सहा ते चौदा वर्षांचं प्रत्येक पोर आमच्या पटावर यायला पाहिजे होतं, वयाप्रमाणं वर्गात. आम्ही मास्तर मंडळी सकाळी कोप्यांवर फिरून पोरं गोळा करायचो. त्या वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एक मुलगा आणला. दहा वर्षांचा, चौथीत बसवला. त्याचं नाव मला चांगलं आठवतं, पण इथं लिहीत नाही.

मी त्याला वर्गात नेलं, पोरांना त्याचं नाव सांगितलं आणि म्हणालो, "जा, मागं जागा आहे तिथं बस." मागची जागा म्हणजे भिंत आणि कपाट यांच्यामधला कोपरा. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. जागा रिकामी होती, पोरगं बसलं, पटावर आकडा वाढला.

आमच्या वर्गातली पोरं वाईट नव्हती. पहिलीपासून एकत्र वाढलेली, एका गल्लीतली, एकमेकांच्या शेतात हुरडा खाल्लेली. पण दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव 'कोपीवाला' पडलं. त्याची बोली वेगळी, तो तोंड उघडायचा की वर्ग हसायचा. मग तो तोंडच उघडेना. पोषण आहाराच्या रांगेत तो पुढं उभा राहायचा आणि सरकत सरकत शेवटी जायचा. शाळेत पाण्याचा नळ एकच होता. मधल्या सुट्टीत तिथं आमच्या वर्गातला एक दांडगा पोरगा पाय पसरून उभा राहायचा आणि कोणाला कधी पाणी प्यायला मिळेल ते ठरवायचा. मी हे ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. 'बळी तो कान पिळी', पोरांचा खेळच असतो, मीही शाळेत असंच सोसून मोठा झालो, अशी माझी समजूत होती.

मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "तो नवीन मुलगा कसा आहे?"

"रुळेल आपोआप," मी म्हणालो.

तेच शब्द. महिन्याभरापूर्वी याच शब्दांनी परड्यात एक पिल्लू मेलं होतं. मी रोज घरी जाऊन आईची पाच पिल्लं निरखत होतो, कूड कुठं सैल झाला ते बघत होतो, पाण्याचं दुसरं परळ स्वतः भरत होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत येऊन एका पोराला भिंत आणि कपाटाच्या मधल्या कोपऱ्यात बसवत होतो. मला हे दोन्ही एकत्र दिसलं नाही. माणसाच्या डोक्यात खण असतात, एका खणातलं दुसऱ्यात जात नाही.

डिसेंबरच्या मध्यावर एक दिवस तो कपाळ फुटून आला. "पडलो," म्हणाला. पडला नव्हता, हे मलाही दिसत होतं. मी जखम पुसली, हळद लावली आणि त्याला उचलून माझ्या टेबलाशेजारी, पोरांपासून वेगळा बसवला. मला वाटलं मी त्याला जपलं. पोरांना वाटलं कोपीवाल्याला शिक्षा झाली. त्याला काय वाटलं, ते मी विचारलं नाही.

त्याच आठवड्यात आईनं पिल्लं रात्री खुराड्यात मिसळली होती. पहिला दिवस बरा गेला. टोचे बसत होते, पिल्लं बाजल्याखालून इकडून तिकडं पळत होती, पण रक्त नव्हतं. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत बघत होती, उठत नव्हती. मी म्हणालो, "मारतायत की."

"मारू दे. एवढं लागतंच. सारकं आडवं पडलं तर कधीच मिसळायच्या न्हाईत."

दुसऱ्या दिवशी पाटलीण एका पिल्लाच्या मागंच लागली. बाकीच्या टोचा मारून आपल्या कामाला जात होत्या, ही तुरकाट्यांच्या भाऱ्याभोवती फिरून त्याला शोधून काढत होती. पिल्लाच्या डोक्यावर रक्त दिसलं आणि आई ताडकन उठली. रक्त दिसलं की बाकीच्याही तिथंच टोचतात, म्हणून तिनं आधी त्या पिल्लाच्या जखमेवर तव्याची काजळी खोबरेल तेलात कालवून लावली, लाल रंग झाकून टाकला. मी पिल्लू उचलून पुन्हा कुडात ठेवायला निघालो. आईनं माझा हात धरला.

"त्येला कशाला नेतोस?"

"मार खातंय ते."

"मार खातंय त्येला भाईर काडलास तर पुन्हा नवंच हून यील. पुन्हा पैल्यापासनं मार खाईल."

तिनं पिल्लू खाली सोडलं. मग पाटलिणीला दोन्ही पंखांत धरून उचललं, पुढच्या दारी नेलं आणि डालग्याखाली डालली. वर दगड ठेवला. पाणी दिलं, कण्या दिल्या. चार दिवस पाटलीण डालग्यात. पहिला दिवस तिनं आरडाओरड करून गल्ली डोक्यावर घेतली, मग गप्प झाली. इकडं परड्यात चार दिवसांत बाकीच्यांचं आणि पिल्लांचं जमून गेलं. पाचव्या दिवशी आईनं पाटलिणीला परत सोडलं. ती आत आली आणि थबकली. आता तीच नवी होती. दुसऱ्या एका कोंबडीनं येऊन तिलाच टोचा मारला. पाटलीण बाजूला झाली, मागच्या परळावर जाऊन पाणी प्याली.

मी हसलो. आई हसली नाही. तांदळातला खडा काढत ती म्हणाली, "ह्या घरात मी आले तवा तेरा वर्साची हुते. मलाच सारकी भाईर काडायची. माहेरी जा चार दिस, शांत हुईल समदं. परत आले की पुन्हा पैल्यापासनं. पाटलिनीला कोनी डालग्याखाली घातलं न्हाई."

माझी आजी मला आठवते. माझे फार लाड केले तिनं. आईच्या बोलण्यात तिच्याविषयी कडवटपणाही नव्हता, कोंबड्यांचं सांगावं तसंच तिनं हे सांगितलं. पण त्या रात्री मला झोप आली नाही. टेबलाशेजारी एकटा बसवलेला पोरगा डोळ्यांपुढून हलेना. मार खाणाऱ्याला मी बाहेर काढलं होतं. नळावर पाय पसरून उभा राहणारा होता तिथंच होता.

सकाळी शाळेत लवकर गेलो. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी माळावर गेलो. कोपीच्या दारात तो तान्ह्या बहिणीला मांडीवर घेऊन बसला होता. मला बघून उठून उभा राहिला, पाया पडला. मी म्हणालो, "चल रे, शाळेत चल. आता तुला कोणी काही करणार नाही." त्यानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही. त्याचे वडील गाडी भरून परत आले होते. ते म्हणाले, "गुर्जी, तो नगं म्हनतोय. पोरीला बघायला बी कुनीतरी लागतंयच की." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला बरं वाटलं असतं.

मी आणखी दोनदा गेलो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिसऱ्यांदा गेलो, तर माळ मोकळा. त्या शिवारातला ऊस संपला होता, टोळी दुसऱ्या गावाला गेली होती. पाचट, चुलींचे तीन दगड आणि राख तेवढी मागं राहिली होती. पटावर त्याच्या नावापुढं मी काय शेरा लिहिला ते मला माहीत आहे. 'स्थलांतरित'. तो शेरा खरा होता आणि खोटाही.

त्यानंतर मी अकरा वर्षं नोकरी केली. या गोष्टीवर मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझ्यापुरता एवढाच निवाडा करू शकलो आहे. कोंबडीला पाप लागत नाही. चौथीतल्या पोराला लागतं, पण थोडं. पाटलिणीच्या मागं काठी घेऊन धावणारा मी आणि त्या दांडग्या पोराला घरचे संस्कार नाहीत म्हणणारा मी, दोन्ही वेळा स्वतःला सोडवत होतो. नव्यावर जुने तुटून पडतात हा स्वभाव असेल. पण बोळ कोणी ठेवली? परळ एकच कोणी ठेवलं? एकट्याला दिवसाढवळ्या मधोमध कोणी सोडलं? ते काही स्वभावानं झालं नव्हतं, ते माझ्या हातात होतं. 'रुळतील आपोआप' हे वाक्य बोलतो तो बहुतेक वेळा दाराची कडी हातात असलेला माणूस असतो. टोचा खाणाऱ्याच्या तोंडून मी ते कधी ऐकलेलं नाही.

पुढच्या हंगामापासून मी नवीन मुलं एकेकटी आणली नाहीत. टोळीतली दोन-तीन मिळूनच वर्गात न्यायची, आणि भिंतीच्या कोपऱ्यात नाही, दोन्हीकडून वाट असलेल्या मधल्या रांगेत बसवायची. ग्रामपंचायतीच्या मागं लागून दुसरा नळ बसवून घेतला, तोही शाळेच्या दुसऱ्या टोकाला. ग्रामसेवक म्हणाले, "दोन्ही एकाच ठिकाणी बसवू, पाइप कमी लागेल." मी ऐकलं नाही. आणि कोणी कोणाच्या मागंच लागलं, तर चार दिवस वर्गाबाहेरचं काम त्याला द्यायचं, मार खाणाऱ्याला नाही. झाडांना पाणी घालणं, धाकट्या वर्गाला पाढे म्हणून दाखवणं. तो परत येईपर्यंत वर्ग थोडा बदललेला असायचा. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काही पोरं टिकली, काही गेली.

एका ठिकाणी मात्र आईचं शास्त्र मला पुरलं नाही. कोंबड्यांची उतरंड एकदा बसली की परड्यात खरोखर शांतता होते, आणि खालच्या कोंबडीलाही पोटभर मिळतं. माणसांत तसं नाही. माझ्या वर्गात तो पोरगा गप्प झाला, तेव्हाही शांतताच झाली होती. मी तिला रुळणं समजलो. आमच्या घरात आई कितीतरी वर्षं गप्प होती, तेव्हा सगळी गल्ली म्हणायची, सून घरात चांगली रुळली. कोंबडीला विचारता येत नाही, म्हणून तिची पिसं बघायची, चालणं बघायचं, पाणी प्यायला येते का ते बघायचं. माणसाला विचारता येतं. तरीही आपण त्याचं नुसतं चालणं बघून ठरवून टाकतो.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. मी निवृत्त झालो. परड्यात अजून कोंबड्या आहेत, खुराड्याचा पत्रा बदलला, डालगं तेच आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या पोरानं चार तलंगा विकत आणल्या आणि कुंपणावरून मला हाक मारली, "काका, सोडू का आमच्या कोंबड्यांत?"

मी त्याला सगळं सांगितलं. तीन आठवडे लांब ठेव, मग मध्ये कूड घाल, पाणी दोन जागी ठेव, कोपरे बुजव, रात्रीची मिसळ, पहाटे दार उघड. त्याचं तोंड बारीक होत गेलं.

"एवढं कोण करत बसतंय, काका? रुळतात की आपोआप."

मी काही बोललो नाही. आत गेलो, डालगं काढलं आणि कुंपणावरून त्याच्या हातात दिलं. म्हणालो, "बरं, निदान जी लई मारंल तिला चार दिवस ह्याच्याखाली घाल. जी मार खाईल तिला नको."

डालगं घेऊन गेला. अजून परत आणून दिलेलं नाही.